वाळू दे

तुला अनेक आशीर्वाद,

परवा तू तो बुटांचा खोका घेऊन आलीस, टेबलावर उपडा केलास आणि म्हणालीस, "काका, मला स्वयंपाक पण जमत नाही आणि हे पण जमत नाही, यातलं एक काहीतरी सोडूनच देते", तेव्हा मी तुला धड उत्तर दिलं नाही, विषय बदलला. तू गेल्यावर तेच डोक्यात घोळत राहिलं. आता रात्रीचे साडेअकरा झालेत, झोप येत नाहीये, म्हणून लिहायला बसलोय.

खोक्यात तू रंगवलेल्या, सणाला टांगायच्या शोभेच्या अकरा वस्तू होत्या, मी मोजल्या. सहा मिठाच्या कणकेच्या, तीन लाकडी चकत्या, दोन काचेचे गोळे. त्यातला तो पाच टोकांचा तारा मी उचलला आणि मागून नखाने हळूच दाबला, तर नख रुतलं. वरून दगड आणि आत ओला. काचेच्या गोळ्यावरचा लाल रंग बघितला तर ब्रशच्या रेघा आणि मध्ये मध्ये टक्कल पडलेलं, म्हणजे पहिला हात ओला असतानाच तू दुसरा मारलास आणि ब्रशने खालचा रंग उचलून आणला. आणि वर तूच सांगत होतीस की कांदा काळा होतो पण गोड होत नाही, कणीक लाटली की परत आक्रसते, भात वरून मोकळा दिसतो आणि तळाला चिखल. अगं हे सगळं एकच दुखणं आहे. तुझा हात चांगला की वाईट यावर मी बोलणारच नाहीये, तो प्रश्नच नाहीये इथे. तुला थांबता येत नाही, एवढंच आहे. वाळू दे. शिजू दे. मुरू दे. माझ्याकडे सांगायला एवढं एकच आहे आणि ते मी या पत्रात दहादा सांगणार आहे, कंटाळलीस तरी वाच.

आधी ताऱ्याचं बघू. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, साधारण एक वाटी पाणी, हे तू बरोबर घेतलंस. ओव्हन १२० डिग्रीला ठेवलास तेही ठीक. पण एका तासात बाहेर काढलास. त्या जाडीला दोन-तीन तास लागतात, मध्ये एकदा उलटवायला लागतं, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण गार होईपर्यंत ब्रशला हात लावायचा नाही. आत राहिलेलं पाणी कुठे जाणार? ते रंगाखालून बाहेर यायला बघतं, मग रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात. शिवाय मीठ स्वतः हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून व्हार्निश पुढून, मागून, कडांना आणि दोरा ओवायच्या भोकाच्या आतूनसुद्धा लागतं. भोक सगळे विसरतात आणि पावसाळी हवेत पहिला मऊ पडतो तो भोकाजवळचाच भाग.

आता रंग. ॲक्रिलिक वाळतो म्हणजे काय होतं, तर आधी त्यातलं पाणी उडून जातं, मग उरलेले बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांची एक अखंड कातडी बनते. पातळ हात असेल तर बोटाला वीस-तीस मिनिटांत कोरडा लागतो. बोटाला कोरडा लागतो म्हणजे वाळला असं नाही गं, तिथेच सगळे फसतात. जाड थापलास तर वर साय धरते आणि खाली ओलं राहतं. म्हणून दोन-तीन पातळ हात, प्रत्येकामध्ये अर्धा तास, आणि व्हार्निश लावायच्या आधी एक अख्खा दिवस, जमलं तर तीन. काच असेल तर रंगवायच्या आधी स्पिरिटने पुसून घे आणि मग देठाला धर, बोटांचं तेल लागलं की रंग धरतच नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये, मला त्याची किंमत पडलीये. एका वर्षी मी सणासाठी चाळीसेक नग केले, पक्षी, मासे, तारे. दुसऱ्याच दिवशी व्हार्निश मारलं, हाताला कोरडं लागलं म्हणून त्याच संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरले. वर्षभराने खोका उघडला तर कागद सुटेचना. ओढला तर रंगासकट निघाला. एक आकाशी निळा पक्षी होता, त्याच्या पोटावर मी सुईसारख्या ब्रशने एकेक पीस काढलं होतं, चार संध्याकाळी गेल्या होत्या त्यात, आणि त्या पिसांवर उलट्या अक्षरांत बातमी छापली गेली होती. अर्धी ओळ अजून वाचता येते, आरशात धरली की. तो पक्षी मी टाकला नाही, दाखवीन तुला. बाकी बरेच टाकले.

पण पक्षी गेला याचं मला फार नाही. खरं दुखतं ते वेगळंच. माझी मुलगी सहा-सात वर्षांची असताना शेजारी बसायची, तिला एक चकती आणि एक ब्रश दिलेला असायचा. ती एका ठिपक्याला पाच मिनिटं घ्यायची. ठिपका द्यायची, बघत बसायची, फुंकर घालायची, परत बघायची. आणि मला घाई. सण चार दिवसांवर, टेबल भरलेलं, स्वयंपाक व्हायचाय. मी तिच्या हातातून ब्रश घेऊन "असं पटकन" म्हणून तीन ठिपके ओढून द्यायचो. दोन वर्षं मी हे केलं. तिसऱ्या वर्षी ती टेबलाशी आलीच नाही. आज ती मोठी आहे, आमचं छान आहे, तिला यातलं काही आठवतही नसेल, पण मला तो हातातून ओढलेला ब्रश आठवतो. ती वाळायची वाट बघत होती. तिला ते आपसूक येत होतं आणि मी ते मोडलं. म्हणून तू परवा "पटकन होईल असं काहीतरी सांगा ना" म्हणालीस तेव्हा मला राग आला. तुझ्यावर नाही आला, पण आवाज चढला हे खरंय, ते मनावर घेऊ नकोस.

आता तुझा प्रश्न, दोन्हीतलं एक सोडू का. नाही. हे दोन छंद तू वेगळे समजतेयस आणि तिथेच गडबड आहे. बघ, कांदा नीट तांबूस गोड व्हायला मंद आचेवर चाळीस मिनिटं लागतात. रेसिपीत दहा लिहिलेलं असतं, ते खोटं आहे, त्या दहा मिनिटांवर विश्वास ठेवून मी आयुष्यातली किती कढई करपवली असेन. कांद्यात बहुतेक पाणीच असतं, आणि ते पाणी असेपर्यंत तापमान शंभराच्या वर फारसं जात नाही, आणि खरा तांबूसपणा तर १४० डिग्रीच्या आसपास जोरात सुरू होतो. म्हणजे आधी पाणी जायला हवं, आणि ते त्याच्या वेळेनेच जातं. गॅस मोठा केलास की कडा जळतात आणि मधला कांदा कच्चा. तुझ्या लाल गोळ्यासारखंच, वरून झालं आणि आतून नाही. रंगातही पाणी जायची वाट बघायची आणि कढईतही पाणीच जायची वाट बघायची, दुसरं काय करतो आपण?

आणि कांद्याची चाळीस मिनिटं म्हणजे रंगाचा एक हात वाळायचा वेळ! मी कित्येक वर्षं असंच करतो. गोळ्यांना हात मारून दुसऱ्या खोलीत टांगून ठेवायचे (स्वयंपाकघरात नाही हं, फोडणीची वाफ आणि तेलाचे बारीक कण ओल्या रंगावर बसले की पुढचा हात धरत नाही, आणि रंगाचे ब्रश, वाट्या पण खाण्याच्या भांड्यांत येता कामा नयेत), हात धुवायचे, कणीक मळून झाकून ठेवायची, कांदा टाकायचा. अर्ध्या तासाने कणीक सैलावलेली असते, लाटली की आक्रसत नाही, आणि गोळे दुसऱ्या हाताला तयार. थांबायला हाताला काम लागतं. नुसतं बसून कोणालाच थांबता येत नाही, मलाही नाही. एक छंद दुसऱ्याला थांबायला जागा देतो. एक सोडलास तर दुसऱ्यात अजून घाई करशील.

भाताचं एका ओळीत सांगतो, गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही, वास आला तरी नाही. पण जेवून उरलेला भात मात्र बाहेर मुरत ठेवायचा नाही, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. थांबणं वेगळं आणि विसरणं वेगळं.

घरचे मला म्हणतात की तुमच्यामुळे जेवायला उशीर होतो. होतो ना, नाही म्हणत नाही. पण मी उशीर करत नाही, त्या पदार्थाला जेवढा वेळ लागतो तेवढा मी देतो, आणि सातला बसायचं असेल तर पाचला सुरुवात करायला मी तयार असतो, फक्त मला कोणी साडेसहाला भाजी हातात देऊ नये. लोकांना हे हेकटपण वाटतं. वाटू दे. मी तीस वर्षं घाई करून बघितलीये आणि त्यातलं दाखवायला माझ्याकडे एक उलट्या अक्षरांचा पक्षी उरलाय.

तुझी मैत्रीण म्हणतेय की सणाआधी पन्नास नगांची ऑर्डर घे. घेऊ नकोस. कधीच घेऊ नकोस असं नाही म्हणत, यंदा घेऊ नकोस. मी एकदा घेतली होती, बारा दिवसांत साठ नग, आणि शेवटच्या तीन दिवसांत हेअर ड्रायर हातात धरून गरम हवेने रंग वाळवत होतो. वरचा थर ताणला गेला, बारीक भेगा पडल्या, अर्धे नग परत आले आणि त्यानंतर दोन वर्षं मी ब्रशला हात लावला नाही. जर्मनीत लाउशा नावाचं काचकामाचं गाव आहे, तिथे काचेची भट्टी १५९७ साली सुरू झाली आणि ख्रिसमसच्या झाडाला टांगायचे काचेचे गोळे फुंकायला लागले ते एकोणिसाव्या शतकात. मधली दोन-अडीचशे वर्षं ती माणसं तीच काच हाताळत होती. तुला सुरुवात करून पाच महिने झालेत आणि तू ठरवायला बसलीस की जमतं की नाही. तुझं मत पण अजून ओलं आहे गं, त्यावर व्हार्निश कशाला मारतेस?

तर त्या ताऱ्याचं काय करायचं ते सांगतो. तो आता वाचणार नाही, रंग लागल्यावर आतलं पाणी नीट निघत नाही. पण टाकू नकोस, उन्हात ठेव आणि रोज नख लावून बघ म्हणजे हाताला कळेल ओलं कसं लागतं आणि कोरडं कसं. नवीन दोन तारे कर, एकाच कणकेचे, एकाच जाडीचे. एक तासाभरात काढ, एक तीन तास ठेव. गार झाले की दोन्ही तळहातावर घेऊन बघ, वजनातला फरक जाणवेल, नाहीतर काटा आहेच. मागे पेन्सिलीने तारीख आणि वेळ लिही. मग दोन्ही घेऊन रविवारी सकाळी ये, कांदे मी चिरून ठेवतो. रंग आणू नकोस.

तुझा,
काका