चिनी चर्चमध्ये टीनएजर्सचा बायबल स्टडी घेणार असशील तर

अगं, आधी एक सांगते, ही पोरं सगळी सारखी समजू नकोस, इकडे टोरंटोत कुणाच्या घरी कँटोनीज, कुणाच्या मँडरिन आणि पोरं आपसात इंग्लिशच बोलणार, म्हणून स्टडी इंग्लिशमध्येच घे. पण आईवडिलांच्या हातात बहुतेक १९१९ चं चिनी युनियन व्हर्जन, म्हणजे बायबलचं चिनी भाषांतर, असतं, तोच पॅसेज घरी त्यांच्याकडून वाचून घ्यायला सांग, मग घरात पण विषय निघतो.

सुरुवात लूक १५ मधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीपासून कर, धाकटा सगळा पैसा उडवून परत येतो आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी करतो ती, आणि जास्त वेळ मोठ्या भावाला दे. इतकी वर्षं राबलो पण मला साधं करडू पण नाही दिलंत, हे तो बापाला सुनावतो ना, तिथे मार्कांसाठी रात्र रात्र जागणारी पोरं एकदम सरळ बसतात. तिथे घाई नको, गप्प राहिली तर राहू दे, उत्तर तू देऊन टाकू नकोस.

आईबापाचा मान राख ही आज्ञा मात्र जपून घे बाई, घरी त्यांनी ती भरपूर ऐकलेली असते, सोबत बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातलं ६:४ वाच, बापांनी मुलांना चिरडीस आणू नये हेही तिथेच लिहिलंय.

एप्रिलमध्ये छिंगमिंग येतं, म्हणजे पूर्वजांच्या कबरींवर जायचा चिनी सण, आजोबांच्या कबरीपुढे उदबत्ती लावायची का असं कुणीतरी विचारणारच, तेव्हा नीट ऐकून घे आणि चर्चच्या पाळकांशी बोलायला सांग. आणि खोलीत कायम दोन मोठी माणसं हवीत, एकटीने कुणाला गाडीतून घरी सोडायचं नाही, हे पक्कं.