जवळ घेतलं की ‘पुढचं’ आलंच, ही धास्ती

‘मॅडम, या दुखण्यापायी आमच्यातलं सगळंच थांबलंय.’ ओटीपोटाच्या जुनाट दुखण्याने बेजार झालेली जोडपी माझ्याकडे समुपदेशनाला बहुतेक हेच सांगत येतात. त्यामुळे माझा पहिला प्रश्न आता ठरलेला असतो : एकमेकांना नुसतं जवळ शेवटचं कधी घेतलंत?

हे जोडपं तिशीतलं. तिला एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. प्रजननक्षम वयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना तो असतो, तरी निदान व्हायला अनेकदा वर्षं जातात; तिचीही गेली. शस्त्रक्रिया झाली, गोळ्या चालू होत्या, पण संबंधाच्या वेळची कळ काही थांबली नव्हती.

‘मी हल्ली हातच लावत नाही,’ तो म्हणाला. ‘उगाच हिला वाटायला नको, की मला काही हवंय.’

ती चमकली. ‘मला वाटलं, तुझं मनच उडालं माझ्यावरून.’ मग जरा वेळाने : ‘पण खरं सांगू? याने पाठीवर हात ठेवला की माझा हिशेब सुरू होतो. परवा नाही म्हटलं होतं, आज कसं म्हणू?’

कळेच्या आधी धास्ती येते. ती आली की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपसूक आवळले जातात, त्याने आणखी दुखतं आणि पुढच्या वेळी ते आणखी लवकर आवळतात. याचा अर्थ दुखणं मानसिक आहे असा मुळीच नाही. (तसं ऐकवणारे तिला पुष्कळ भेटले होते.) या स्नायूंसाठी वेगळी फिजिओथेरपी असते, ती मी डॉक्टरांच्या सल्ल्याने सोबतीला सुरू करायला लावली.

‘आता काही आठवडे संबंध बंद,’ मी सांगितलं. ‘इच्छा झाली तरी.’

यासाठी फी भरली का, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. ती मात्र माझ्याकडे बघतच राहिली. ‘म्हणजे आज मी याच्या कुशीत झोपले तरी चालेल?’

आणि तिला रडू फुटलं. त्याने तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही.

मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधक जोडीने १९७० च्या सुमारास ही तात्पुरती बंदी उपचारात रुजवली. मी त्याच घराण्यातली. नाती आधी बोलून सुधारतात असं मानणाऱ्या सहकाऱ्यांशी माझे वाद होतात, पण स्पर्शामागची मागणी गेली की बोलणं आपोआप सुरू होतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

तुम्हीही करून पाहा. दुखण्याची चर्चा अंथरुणात नको, दिवसाउजेडी करा. शून्य ते दहा असा आकडा सांगितला तरी पुरे. जोडीदाराला चेहरा वाचत बसावं लागत नाही. केस, पाठ, पावलं, जिथे दुखत नाही तिथून सुरुवात करा आणि ‘थांब’ म्हटल्यावर कारण विचारू नका. काहींना तर कामतृप्तीच्या क्षणानंतरही कळ येते, कारण तेव्हा हेच स्नायू आकुंचन पावतात. तसं होत असेल तर जोडीदाराला आधीच सांगून ठेवा. पुढे संबंध सुरू केलेच, तर वंगण भरपूर वापरा आणि खोली व वेग तिच्या हाती असेल अशी स्थिती निवडा. पुरुषांनाही असं जुनाट दुखणं असतं, ते लाजेने सांगत नाहीत एवढंच. बंदीचा उपाय त्यांनाही तितकाच लागू पडतो.

या दोघांनी बंदी मोडली ती ठरल्या वेळेच्या आधीच, आणि मला सांगितलं बऱ्याच उशिराने.