सगळं शेत झाडांखाली घालू का?

प्रश्न: मी नोकरी करतो, शेतीकडे रोज बघायला वेळ नाही. साठवलेली सगळी रक्कम घालून पूर्ण शेतात साग लावायचा विचार आहे. रोपं विकणाऱ्याच्या हिशेबाने १८ वर्षांनी सहापट पैसे होतात. मुलीचं उच्च शिक्षण १०-११ वर्षांवर आहे. लावू का?

उत्तर: सगळ्या शेतात लावू नका, आणि सगळी रक्कम तर मुळीच घालू नका.

सहापट ऐकायला मोठं वाटतं. १८ वर्षांवर पसरलं की ते चक्रवाढीने वर्षाला साधारण साडेदहा टक्के भरतं. तीस टक्के रोपं मेली, चोरीला गेली किंवा वाकडी वाढली, तर सहापटीचं ४.२ पट होतं आणि दर सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास येतो. यात १८ वर्षं बुडालेलं पिकाचं उत्पन्न अजून धरलेलंच नाही.

विक्रेत्याच्या कागदावर बहुधा आणखी एक चूक असेल: लावलेली रोपं गुणिले शेवटचा भाव. दोन बाय दोन मीटरवर लावली तर हेक्टरी २,५०० रोपं बसतात, पण शेवटच्या तोडणीपर्यंत त्यातली काहीशेच ठेवायची असतात. मधली विरळणीत काढावी लागतात. ती टाळली तर सगळीच काठीसारखी राहतात. विरळणीतल्या बारीक मालाला भाव कमी मिळतो. उंची तेवढीच धरली तर २० सेंटिमीटर जाडीच्या खोडापेक्षा ३० सेंटिमीटरच्या खोडात सव्वादोनपट लाकूड असतं, म्हणून कमाई जाडीची, संख्येची नव्हे. कोवळ्या सागात बाहेरचं पांढरं लाकूड जास्त आणि आतला गाभा कमी, हेही भावात दिसतं.

तोडायचं कधी, याचा हिशेब जर्मन वनतज्ज्ञ मार्टिन फाउस्टमान यांनी १८४९ मध्येच मांडला. झाडाची किंमत वर्षाला जेवढी वाढते, ती वाढ त्या पैशावरचं व्याज आणि अडकलेल्या जमिनीचं भाडं यांच्या बेरजेखाली गेली की तोडा. तुमची खरी अडचण इथे आहे. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी झाडं दहा-अकरा वर्षांची असतील, म्हणजे जाडीबरोबर किंमत धरायला लागलेली, आणि नेमकी तेव्हाच फीसाठी कुऱ्हाड चालवावी लागेल. शिक्षणाची रक्कम आधी वेगळी काढा, वेळेवर मोकळी होणाऱ्या ठिकाणी ठेवा. झाडांसाठी कर्ज तर नकोच. हप्ता दर महिन्याला येतो, झाड येत नाही.

उरलेल्या पैशातून बांधावर आणि पिकात लांब अंतराच्या ओळींत झाडं लावा, पीक चालू ठेवा. ओळीजवळच्या पट्ट्यात पीक घटेल, ते गृहीत धरा. समजा मिश्र शेतात एकट्या पिकाच्या ८० टक्के पीक आणि एकट्या झाडांच्या ४० टक्के लाकूड आलं, तर बेरीज १.२ होते, म्हणजे तेवढ्याच मालाला वेगवेगळं लावून वीस टक्के जास्त जमीन लागली असती. बेरीज एकच्या खाली आली तर मात्र झाडांनी पीक खाल्लं. ते टाळायला उष्ण कटिबंधात ओळी शक्यतो पूर्व-पश्चिम ठेवतात, खालच्या फांद्या छाटतात आणि ओळीलगत चर मारून आडवी मुळं तोडतात. निलगिरीचा पैसा लवकर येतो, तोडल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटवेही येतात, पण पाण्यासाठी ती पिकाशी भांडते, म्हणून पिकात मी ती सुचवणार नाही. सुबाभूळ चारा देते, जमिनीत नत्रही धरते. मात्र बी पडून सगळीकडे उगवते, शेंगा पिकण्याआधी छाटावी लागते.

रोज वेळ नाही म्हणता, तर पहिल्या तीन वर्षांच्या मजुरीची तरतूद आधी करा: नांग्या भरणं (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणं), तण काढणं, गुरांपासून राखण, उन्हाळ्यात पाणी, आगपट्टा (आग पसरू नये म्हणून साफ ठेवलेला पट्टा). ही रक्कम रोपांच्या किमतीहून जास्त निघू शकते. तोड आणि वाहतुकीला परवानगी लागते का, हे लावण्याआधी विचारा आणि झाडांची नोंद त्याच वर्षी करून घ्या. विक्रेता लाकूड परत घेण्याची हमी देत असेल तर ती लेखी मागा, आणि १८ वर्षांनी ती कोण पाळणार हेही त्याच कागदावर लिहून घ्या.