लागोपाठच्या मूळ संख्या नि त्यांची सरासरी: तुमचे प्रश्न

मॅडम, ३ पासून लागोपाठच्या दोन-दोन मूळ संख्यांची सरासरी काढून राहिली, ४, ६, ९, १२, १५, १८, २१, २६... १०० पर्यंत एकही मूळ संख्या नाही आली. पुढे येईल का? (नववी, महाल)

नाही येणार बेटा, कधीच नाही. सरासरी त्या दोघींच्या मधातच पडते नं, आणि मधात मूळ संख्या असती तर त्या दोघी लागोपाठच्या कशा राहिल्या असत्या? झालं, एवढंच प्रूफ. शंभरपर्यंत हातानं काढलंस हे फार आवडलं मला, आता त्याच लिस्टमधले पूर्ण वर्ग शोध, ६४ दिसेल बघ, ६१ आणि ६७ च्या बरोब्बर मधोमध.

मुलगा म्हणतो ५३ स्पेशल आहे. खरंच का? (पालक, मनीषनगर)

खरंच आहे ताई! ५३ च्या आधी ४७, नंतर ५९, दोन्हीकडे अंतर ६, म्हणजे स्वतः मूळ असून शेजाऱ्यांची सरासरी. याला बॅलन्स्ड प्राइम म्हणतात: ५, ५३, १५७, १७३, २११... यातला ५ सोडला तर हे अंतर नेहमी ६ च्या पटीतच येतं. विषम संख्यांमधलं अंतर सम असणारच, आणि त्याला ३ ने भाग जात नसेल तर तिघांपैकी एकाला ३ ने भाग जातोच. ५३ ला अंतर ४ घेऊन बघा, ४९, ५३, ५७, आणि ५७ म्हणजे ३ × १९, खेळ खलास. या संख्या अनंत आहेत असं वाटतं सगळ्यांना, पण सिद्ध अजून कोणीच केलं नाही.

तीन लागोपाठच्या मूळ संख्यांची सरासरी पूर्णांक आली तर ती मधलीच असते, असं मी वर्गात सांगायचो. (निवृत्त शिक्षक, सदर)

काकाजी, इथे गडबड आहे. ५०३, ५०९, ५२१ घ्या. बेरीज १५३३, सरासरी ५११, पण मधली तर ५०९! आणि ५११ म्हणजे ७ × ७३, मूळही नाही.

२ पासून सगळ्याच मूळ संख्यांची सरासरी घेत गेलो तर? (कॉलेज विद्यार्थी, धरमपेठ)

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. काल दुपारी कूलरसमोर वही घेऊन बसले आणि बेरीज करत गेले, एकट्या २ नंतर पूर्णांक काही येईचना, २२ संख्यांची बेरीज ७९१, म्हणजे ३६ सरासरी अवघ्या १ नं हुकली! मग ८३ मिळवले, ८७४, भागिले २३, बरोबर ३८. यानंतर थेट ५३ संख्यांना जमतं, बेरीज ५८३०, सरासरी ११०, आणि त्यापुढे एकदम ८५३ वर.