सियाझला १७ इंची अलॉय आणि रुंद टायर बसवले तर काही अडचण येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात मारुतीची सियाझ चालवता, मूळ टायर १८५/६५ आर१५ आहेत, एक दुकानदार १७ इंची अलॉयवर २१५/४५ आर१७ बसवून द्यायला तयार आहे आणि "डायरेक्ट बसतं, कुठेही घासत नाही" असं म्हणतो. बसवावेत का?

मी तुमच्या जागी असतो तर १७ इंची घेतले नसते. १६ इंचावर थांबलो असतो आणि १९५/५५ आर१६ घेतले असते. दुकानदार खोटं बोलत नाहीये, पण तो अर्धीच गोष्ट सांगतोय. उरलेली अर्धी मी स्वतःच्या गाडीवर पैसे घालून शिकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्याच्या बाजूचं. टायरवरच्या आकड्यांत पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिमचा व्यास इंचात. तुमच्या टायरची साइडवॉल १८५ च्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिमी. वर एक, खाली एक, मध्ये ३८१ मिमीची रिम. एकूण उंची ६२१.५ मिमी. २१५/४५ आर१७ चा हिशेब केला तर ६२५.३ येतात. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. स्पीडोमीटर, ओडोमीटर, एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) यांना हा फरक जाणवणारही नाही. इथवर तो बरोबर आहे.

आता कंपनीनं काय केलं ते बघा. सियाझच्या वरच्या मॉडेलला कारखान्यातूनच १९५/५५ आर१६ येत होते. त्यांची उंची ६२०.९. म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटरच कमी. ज्यांनी गाडी बनवली त्यांनीच एक इंच मोठी रिम आणि १० मिमी रुंद टायर त्याच सस्पेन्शनवर बसवून, तपासून विकले. हे उत्तर तुम्हाला आयतं मिळालंय. तुमची गाडी खालच्या मॉडेलची असली तरी चाकाचे बोल्ट तेच, पाच, ११४.३ मिमीच्या वर्तुळावर.

मग १७ मध्ये बिघडतं कुठे? पहिलं म्हणजे साइडवॉलमध्ये. २१५ च्या ४५ टक्के म्हणजे ९७ मिमी. खड्डा आणि रिम यांच्यामध्ये आज तुमच्याकडे १२० मिमी रबर आणि हवा आहे, त्यातले २३ मिमी कायमचे जातील. कोरड्या एक्सप्रेसवेवर अहमदाबादला जाताना हे कळणार नाही, उलट गाडी वळणावर ताठ वाटेल आणि मजा येईल. कळेल ते जुलैत. अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या रस्त्यात) पाणी साचलंय, पुढची रिक्षा कुठून जातेय ते बघत तुम्ही मागे जाताय आणि पाण्याखाली खड्ड्याची कड आहे. जाड साइडवॉल तो धक्का पोटात घेते. पातळ साइडवॉल रिम आणि कड यांच्यामध्ये चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि दोन दिवसांनी टायरच्या बाजूला फुगा दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. कुणी "चालेल, हळू चालवा" म्हणालं तरी त्यावर हायवेला जाऊ नका.

माझ्याकडे २०११ ची होंडा सिटी होती. मूळ टायर १७५/६५ आर१५, दिसायला अगदी सायकलसारखे. मकरपुरा जीआयडीसीत टूलरूममध्ये आयुष्य गेलेला माणूस मी, दिवसभर व्हर्निअर हातात. पण त्या दिवशी दुकानात चमकत्या १६ इंची रिम्स बघितल्या आणि काहीही न मोजता २०५/५५ आर१६ बसवून घेतले. उंची ६०८.५ वरून जवळपास ६३२ वर गेली. पावणेचार टक्के वाढ. मीटर १०० दाखवायचा तेव्हा गाडी खरी १०४ च्या जवळ असायची. दुकानात स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून दाखवलं, कुठेही लागलं नाही. मी खुश.

पहिल्या रविवारी घरची सगळी मिळून पाच माणसं पावागढला निघालो. हालोलपर्यंत ठीक. माचीच्या चढावर वळणाला गाडी जरा दबली की मागून घर्रर्र. आईनं विचारलं, "काय रे, काय ओरडतंय?" खाली उतरून बघितलं तर मागच्या मडगार्डची आत वळलेली पत्र्याची कड टायरच्या खांद्यावर घासून तिथे रेघ कोरली गेली होती. नवा टायर, आठ दिवसांचा. दुकानात गाडी रिकामी होती, म्हणून घासलं नव्हतं. पाच माणसं आणि डिकीत सामान असलं की मागचं सस्पेन्शन कितीतरी खाली बसतं. तेव्हा दुकानात रिकाम्या गाडीवर "बघा, कुठे लागत नाही" असं कुणी दाखवलं तर त्याला काहीच अर्थ नाही.

आता ऑफसेट. यात सगळे फसतात, कारण तो टायरवर लिहिलेला नसतो. रिमच्या मधल्या रेषेपासून हबला (चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागाला) टेकणारा चेहरा किती बाहेर आहे ते हे अंतर, रिमवर आत कुठेतरी ईटी आणि पुढे आकडा असा कोरलेला असतो. आकडा कमी म्हणजे चाक बाहेर येतं. समजा तुमच्या मूळ रिमवर ४५ आहे आणि नवीवर ३८. टायर १८५ चा २१५ झाला, म्हणजे मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना १५-१५ मिमी वाढला. शिवाय ऑफसेटमुळे पूर्ण चाक ७ मिमी बाहेर सरकलं. बाहेरची बाजू २२ मिमी बाहेर, आतली ८ मिमी आत. ऑफसेट ४५ च ठेवला तर दोन्हीकडे १५. मग बाहेर वाचतं, पण आत सस्पेन्शनच्या स्ट्रटजवळ (शॉक अॅब्सॉर्बरच्या उभ्या दांड्याजवळ) जागा उरते का ते बघावं लागतं. चाक जितकं बाहेर जाईल तितका बेअरिंगवर भार वाढतो आणि एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग हातात जास्त ओढ घेतं.

हे घरी मोजता येतं. गाडी सपाट जागी उभी करा, दोऱ्याला एक नट बांधून ओळंबा करा आणि मडगार्डच्या कडेवरून चाकाच्या बरोबर मध्यावर सोडा. दोरा आणि टायरची बाहेरची बाजू यांच्यातलं अंतर मोजा. तिथे १२ मिमी असेल आणि हिशेबात २२ येत असतील तर टायर १० मिमी बाहेर डोकावणार, दुकानदार काहीही म्हणो. आतलं अंतर जॅकवर चाक उचलून पट्टीनं बघा, पुढे स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन. दोन कंपन्यांच्या एकाच मापाच्या टायरमध्येही काही मिलिमीटरचा फरक निघतो, तेवढी मोकळी जागा ठेवा.

खरी परीक्षा मात्र भरलेल्या गाडीची. मी आता हे असं करतो: गणपतीला आणलेली शाडूची माती घरात थोडी उरलेली असतेच. तिच्या बोटाएवढ्या पट्ट्या मडगार्डच्या आतल्या कडेला आणि पुढच्या आतल्या काळ्या प्लॅस्टिकला चिकटवतो, गाडीत पाच जण बसवतो आणि कॉलनीतल्या दोन-तीन स्पीडब्रेकरवरून नेतो. माती जशीच्या तशी राहिली तर पास. चेपली किंवा उडाली तर ते चाक त्या गाडीचं नाही. दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा की गाडी जास्त चालवण्याआधी ही चाचणी होईल आणि नापास झाली तर रिम परत. जो याला तयार होत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

घासत असेल तर काही जण मडगार्डची कड हातोड्यानं आत दाबून देतात. कृपा करून करू नका. रंग तडकतो आणि पहिल्या पावसाळ्यातच तिथे गंज धरतो. हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची चकती, म्हणजे स्पेसर, तोही नको.

दोन गोष्टी भराभर सांगतो, पण दोन्ही महत्त्वाच्या. सियाझच्या हबचा मधला गोल ६०.१ मिमीचा. बाजारातल्या बऱ्याच रिम्सचं भोक ७३.१ चं असतं, म्हणजे एकच रिम पुष्कळ गाड्यांना विकता येते. मधली फट भरणारी हब रिंग मागून घ्या. ती नसली की चाक फक्त नटांवर मध्यात येतं, थोडं सरकतं आणि ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग माणूस चार वेळा बॅलन्सिंग करून येतो आणि थरथर काही जात नाही. दुसरं नट. नटाची बैठक सगळीकडे सारखी नसते: माझ्या सिटीसारख्या होंडाच्या मूळ नटाची गोलाकार असते, बाजारातल्या अलॉयची बहुधा शंकूच्या आकाराची. जुळत नसलेला नट घट्ट वाटतो पण हळूहळू सैल होतो. रिम ज्या बैठकीची आहे त्याच बैठकीचे नट घ्या, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनं (आवळण्याच्या जोरानं) आवळा, आणि पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. हवेच्या बंदुकीनं आवळलं म्हणजे झालं असं समजू नका.

लोड इंडेक्सही, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडाही, बघाच. तुमच्या टायरवर मापापुढे ८८ असेल, म्हणजे एका टायरला ५६० किलो. ८७ म्हणजे ५४५, ९१ म्हणजे ६१५. कारखान्याच्या १६ इंची मापाला ८७ चालतो कारण कंपनीनं ते तपासलंय. बाहेरचं माप घेताना मूळपेक्षा खाली उतरू नका. टायरच्या बाजूला चार आकडी तारीखही असते: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. रुंद मापं कमी खपतात आणि दुकानात पडून राहतात, तेव्हा ती वाचल्याशिवाय बसवू देऊ नका.

"रुंद टायर म्हणजे जास्त पकड" असं बरेच जण म्हणतात, त्याबद्दल. टायर रस्त्याला जिथे टेकतो तो तुकडा किती मोठा, हे मुख्यतः चाकावरचं वजन आणि हवेचा दाब ठरवतात. पुढच्या एका चाकावर ३२० किलो आणि ३३ पीएसआय धरा, तर तो तुकडा साधारण १४० चौरस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या पोस्टकार्डापेक्षा थोडासाच मोठा. टायर रुंद केला तर तो आडवा होतो, लांबी कमी होते, क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. कोरड्या वळणावर आडव्या आकाराचा फायदा मिळतो, खरं आहे. पण साचलेल्या पाण्यात रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला ढकलावं लागतं, आणि खाचा झिजलेल्या असतील तर तो पाण्यावर लवकर तरंगतो. कायद्यानं खाच किमान १.६ मिमी हवी. बडोद्याच्या पावसात मी ३ मिमीलाच बदलतो. पकड हवी असेल तर आधी रबर चांगलं घ्या. चांगल्या कंपनीचा १९५ चा टायर स्वस्तातल्या रुंद टायरपेक्षा ब्रेकला आधी थांबेल, हे मी माझ्याच गाडीवर बघितलंय.

वजनही धरा. माझ्या सिटीचं जुनं चाक टायरसकट १५ किलोचं होतं, नवं १९ चं. काट्यावर ठेवून बघितलं. दर चाकाला चार किलो, तेही फिरणारं आणि स्प्रिंगच्या खालचं. शहरात पिकअप मंदावला, लहान खड्डेसुद्धा पाठीला कळायला लागले, मायलेज उतरलं. तुम्ही रिम घ्याल तेव्हा दुकानात वजनकाटा मागा.

कायद्याचं एवढंच: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. त्याच मॉडेलच्या वरच्या गाडीचं माप घेतलं तर तुमच्याकडे सांगायला भक्कम आधार आहे. बाजारातली रिम घेतली तर विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर हा विषय निघाला तर दाव्यात अडचण होते.

त्या सिटीचं पुढे काय झालं ते सांगतो. त्याच पावसाळ्यात वाघोडिया रोडवर डाव्या पुढच्या टायरला फुगा आला. मी चारही उतरवून टाकले, मूळ १५ इंची रिम्स माळ्यावरून खाली काढल्या आणि त्यांच्यावर १९५/६० आर१५ घातले. उंची ६१५, मूळपेक्षा एक टक्का जास्त. ५.५ इंच रुंद रिमवर ते माप बसतं. पाच माणसांनिशी पुन्हा माचीपर्यंत गेलो, काही घासलं नाही. ते टायर गाडी विकेपर्यंत राहिले.

तेव्हा तुम्ही कुठलंही माप घ्या, मूळ रिम्स विकू नका. आणि स्टेपनी १८५/६५ आर१५ ची तशीच राहू द्या. १९५/५५ आर१६ शी तिची उंची जुळते, त्यामुळे रात्री भरूचजवळ पंक्चर झालं तर ती लावून जवळच्या दुकानापर्यंत निर्धास्त जाता येईल. फक्त तिला लागणारे मूळ नट डिकीत वेगळे ठेवा, कारण अलॉयचे नट मूळ रिमला बसतीलच असं नाही.

ओळंब्याचे चारही चाकांचे आकडे आणि दुकानातल्या रिमवरचा ईटी इथे खाली लिहा. हिशेब करून सांगतो.