‘ग्रेटेस्ट हिट्स’ची कोणती प्रत मागवू?

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षं टोकियोत नोकरीला आहे. त्याच्यामुळे मला तात्सुरो यामाशिता या गायकाची गोडी लागली. आमच्या ह्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर नुकताच दुरुस्त करून घेतला, म्हणून दिवाळीला येताना ‘ग्रेटेस्ट हिट्स’ची रेकॉर्ड आण म्हटलं. तर तो विचारतो, “आई, १९८२ची जुनी आणू की २०२३ची नवी?” एकच अल्बम पुन्हा पुन्हा का काढतात? आणि ही गाणी मोबाइलच्या अ‍ॅपवर का सापडत नाहीत?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, जुनी की नवी हे नंतर बघू. आधी मुलाला सांगा, तुम्हाला नेमकं कोणतं गाणं हवंय. हे मी अनुभवावरून सांगतोय.

१९८९च्या डिसेंबरात मी नागोयात होतो, एका कारखान्यात प्रशिक्षणासाठी. टीव्हीवर तेव्हा जेआर तोकाई रेल्वेची नाताळची जाहिरात सारखी लागायची. एक मुलगी भेटवस्तूचा खोका छातीशी धरून स्टेशनात धावत येते, खांबाआड लपून आपल्या माणसाची वाट पाहते, आणि मागे यामाशितांचं ‘ख्रिसमस इव्ह’. ते स्टेशन नागोयाचंच. मी रोज जिथे गाडी बदलायचो तिथलंच. गाणं १९८३चं, पण त्या महिन्यात ते विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. मला जपानी जेमतेम समजत होतं आणि घरची फार आठवण येत होती. सुट्टीच्या दिवशी ओसु कान्नोनच्या देवळाजवळ जुन्या रेकॉर्डचं एक दुकान गाठलं आणि ‘ग्रेटेस्ट हिट्स! ऑफ तात्सुरो यामाशिता’ विकत घेतली. गायक मोठा, त्याची गाजलेली गाणी, म्हणजे ते गाणं असणारच असं मी धरून चाललो होतो. दोन्ही बाजू ऐकून झाल्या. ते गाणं त्यात नव्हतंच.

कारण साधं आहे. ही रेकॉर्ड २१ जुलै १९८२ रोजी आली. यामाशितांनी १९७६ ते १९८२ या काळात आरव्हीसी या कंपनीसाठी, आरसीए आणि एअर या लेबलांवर (म्हणजे ज्या नावांखाली रेकॉर्ड निघतात त्यांवर), जी गाणी केली त्यांतली ही निवड. त्याच वर्षी ते मून या नव्या लेबलकडे गेले आणि ‘ख्रिसमस इव्ह’ तिथलं. तेव्हा हा त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचा संग्रह नाही, पहिल्या सहा वर्षांचा आहे. तुमच्या मनात ‘ख्रिसमस इव्ह’ असेल तर ‘ट्रेझर्स’ (१९९५) मागवा, आणि सुरुवातीपासूनची गाणी हवी असतील तर ‘ओपस’ (२०१२). त्यात १९७५पासूनची गाणी आहेत.

मी मात्र रेकॉर्ड परत केली नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा लावली आणि ‘बॉम्बर’ ऐकताना उठून बसलो. १९७८चं हे गाणं आधी ओसाकाच्या डिस्कोंमध्ये गाजलं. त्यातलं बेस गिटार कानाआधी छातीला ऐकू येतं. मग ‘राइड ऑन टाइम’. १९८०च्या मॅक्सेल कॅसेटच्या जाहिरातीतलं गाणं ते. आखाती देशांतून येणारे नातेवाईक आणायचे ना, त्याच मॅक्सेलच्या कोऱ्या कॅसेट! माझ्या मामाने आणलेल्या अशा कॅसेटवर मी भीमसेनजींचं रेडिओवरचं गाणं उतरवून घेतलं होतं. ‘राइड ऑन टाइम’ने यामाशिता जपानभर घराघरांत पोचले. एक बारकावा लक्षात ठेवा : हे गाणं त्यांनी दोनदा ध्वनिमुद्रित केलं, एकदा सिंगलसाठी, म्हणजे सुट्या गाण्याच्या छोट्या रेकॉर्डसाठी, आणि एकदा अल्बमसाठी. शेवटी वाद्यं थांबून नुसते आवाज उरले, तर ते अल्बममधलं. मला तेच जास्त आवडतं.

आता पुन्हा पुन्हा काढण्याबद्दल. यात नुसता पैशाचा लोभ आहे असं मला वाटत नाही. जपानमध्ये पहिल्या सीडी दुकानात आल्या त्या १ ऑक्टोबर १९८२ला, म्हणजे ही रेकॉर्ड आल्यावर जेमतेम दहा आठवड्यांनी. एलपी आणि कॅसेटच्या काळातला हा अल्बम मग सीडीवर आणावा लागला. कंपनीही बदलत गेली. आरव्हीसीचा वारसा बीएमजीकडे आणि तिथून सोनीकडे गेला. मग नव्या पिढीला जुनी जपानी पॉप गाणी इंटरनेटवर सापडली. यामाशितांच्या पत्नी मारिया ताकेउची यांचं ‘प्लास्टिक लव्ह’ तुमच्या मुलाने नक्की ऐकवलं असेल. जुन्या रेकॉर्डना जगभरातून मागणी आली. २०२३मध्ये मे ते सप्टेंबर या काळात सोनीने आरसीए-एअर काळातले सगळे आठ अल्बम नव्याने मास्टरिंग करून, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणावर आवाजाचा शेवटचा हात फिरवून, एलपी आणि कॅसेटवर काढले. त्या आठांत हा आहे.

तुम्हाला ऐकायची आहे, कपाटात ठेवायची नाही. शिवाय प्लेअर नुकता दुरुस्त झालेला. तेव्हा माझं मत २०२३च्या एलपीला. नवी तबकडी, ओरखड्यांची धास्ती नाही. पण मुलाला जुन्या दुकानात १९८२ची चांगली प्रत दिसली, तर ती त्याने अवश्य हातात घेऊन बघावी. जपानी लोक रेकॉर्ड फार जपतात, चाळीस वर्षांची तबकडीही चकचकीत निघते. पाकिटाच्या कडेला गुंडाळलेली कागदी पट्टी, तिला ‘ओबी’ म्हणतात, किमोनोच्या कमरपट्ट्यावरून, ती शाबूत आहे का आणि आत गाण्यांच्या शब्दांचा कागद आहे का, हे त्याने पाहावं. ओबी नसली तर किंमत उतरते, आवाजाला काही होत नाही. माझ्या प्रतीला ओबी नव्हती, म्हणून तर ती मला परवडली.

मोबाइलवर गाणी न सापडण्याचं कारण खुद्द यामाशिताच. स्ट्रीमिंगवर गाणी द्यायची नाहीत असं त्यांनी २०२२मध्ये मुलाखतीत स्पष्ट सांगितलं. मला हा निर्णय पटतो. ध्वनिमुद्रणाच्या बारीकसारीक गोष्टींत स्वतः लक्ष घालणारा हा माणूस आहे, आणि आपलं काम कुठे, कसं ऐकलं जावं हे ठरवायचा त्याला हक्क आहे.

मुलाला एवढं सांगा, की रेकॉर्ड हातातल्या बॅगेत उभी ठेवायची, सामानाखाली आडवी नाही. आणि घरी आल्यावर प्लेअरचा आवाज जरा मोठा करून आधी ‘बॉम्बर’ लावा.