तेच कार्ड चौथ्यांदा आलं तेव्हा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

महिन्याभरात टॅरोचं एट ऑफ स्वोर्ड्स, म्हणजे आठ तलवारींचं कार्ड, चार वेळा आलं आणि आता डेक हातात घ्यायलाच नको वाटतं, असं तू लिहिलंस. दोनदा रोजच्या कार्डात आणि दोनदा केल्टिक क्रॉसमध्ये, म्हणजे दहा ठरलेल्या जागांच्या मांडणीत. तुझी भीती मी उडवून लावणार नाही. पण तू थेट अर्थाकडे धावलीस. त्याआधी मोजणं आणि डेक तपासणं ही दोन कामं राहिली आहेत.

डेकमध्ये 78 कार्डं असतात. रोज नीट पिसून एकच कार्ड काढलं, तरी 30 दिवसांत कुठलं ना कुठलं कार्ड दुसऱ्यांदा येणं जवळपास ठरलेलंच असतं. तीसच्या तीस कार्डं वेगळी निघणं, हे हजारात एक-दोनदाच घडेल. एखादं कार्ड तीनदा येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के असते, चारदा येण्याची मात्र चार-पाच टक्क्यांवर येते. स्प्रेडचं, म्हणजे कार्डांच्या मांडणीचंही तसंच आहे. दहा-दहा कार्डांचे दोन केल्टिक क्रॉस मांडले, तर चारांपैकी तीन वेळा दोन्हींत निदान एक कार्ड सारखं निघतं. म्हणजे तुझे रोजचे दोन वेगळे धरले तर साधे आहेत आणि स्प्रेडमधले दोनही साधेच. दोन्हीकडे तेच कार्ड यावं, हे मात्र विरळ आहे. म्हणून त्याच्याकडे लक्ष द्यायचं, घाबरायचं नाही.

मोजताना एक पथ्य पाळ. पिसताना उडून पडलेलं कार्ड, गठ्ठ्याच्या तळाचं कार्ड, आणि अर्थ लागेना म्हणून वर काढलेली दोन-तीन जास्तीची कार्डं, यांतलं काय धरायचं ते पिसायला घेण्याआधीच ठरव. बसायचं एका कार्डासाठी आणि बघायची पाच, असं झालं की तीच ती कार्डं दिसणारच. शिवाय मन आवडीचं किंवा भीतीचं कार्ड तेवढं लक्षात ठेवतं. या महिन्यात थ्री ऑफ पेंटॅकल्स किती वेळा आलं, ते तुला आठवतंय का?

आता डेक. सगळी कार्डं एकावर एक रचून टेबलावर ठेव आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून कडेने बघ. कुठे बारीकशी फट दिसते का? दिसली तर तिथलं एखादं कार्ड वाकलेलं आहे आणि काटताना बोटं नेमकी तिथेच उघडतात. पावसाळ्यात मुंबई-कोकणाच्या दमट हवेत कागदी कार्डं हमखास वाकतात, आणि ज्या कार्डाकडे आपण सारखं टक लावून बघतो, त्यालाच हाताचा घाम जास्त लागतो. वाकलेलं कार्ड जास्त वेळा येतं, जास्त हाताळलं जातं आणि आणखी वाकतं. असं असेल तर डेक जाड पुस्तकांखाली दोन-तीन दिवस दाबून ठेव आणि डबीत सिलिका जेलची पुडी टाक. मग डोळे मिटून 20 वेळा काट, प्रत्येक वेळी मध्ये पिसून. त्या 20 मध्ये एट ऑफ स्वोर्ड्स तीनदा निघालं, तर दोष डेकमध्ये आहे असं समज. नुसत्या योगायोगाने असं पाचशेत एखाद्या वेळीच होईल.

पिसण्याकडेही बघ. बहुतेक जण पत्ते एका हातातून दुसऱ्या हातात थोडे थोडे टाकतात. त्यात गठ्ठेच्या गठ्ठे जसेच्या तसे राहतात. कालच्या स्प्रेडमधली दहा कार्डं गोळा करून वर ठेवली आणि असं अर्धा मिनिट पिसलं, की त्यांतली बरीचशी शेजारी-शेजारीच राहतात. मग आज काटल्यावर तीच समोर आली, तर त्यात नवल काय? दोन भाग करून कडा एकमेकींत गुंफणारं पिसणं साध्या 52 पत्त्यांना सात वेळा लागतं, हे बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी 1992 मध्ये दाखवलं. 78 कार्डांना त्याहून एक-दोन वेळा जास्त पिसावं. टॅरोची कार्डं मोठी असतात, तुझ्या हातात तशी बसत नसतील तर चादरीवर सगळी पालथी पसरून दोन्ही हातांनी दोन मिनिटं कालवून घे. कार्डं उलटी-सुलटी होतात तीही याच रीतीने. सगळी नेहमी एकाच दिशेने उचलून ठेवत असशील, तर एकदा उलटं आलेलं कार्ड पुढेही उलटंच येत राहील आणि तू त्यात गूढ शोधत बसशील.

एवढं तपासूनही कार्ड येत राहिलं, तर मग खुशाल वाचायला बस.

कार्ड समोर ठेव आणि पुस्तकातला अर्थ क्षणभर विसर. तुझा डेक रायडर-वेट पद्धतीचा आहे. ती चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली आणि तो डेक लंडनमध्ये 1909 मध्ये निघाला. तिथे मायनर, म्हणजे तलवारी-पेंटॅकल्स अशा सूटांच्या कार्डांनाही पूर्ण दृश्य आहे, म्हणून चित्रावरून वाचता येतं. मार्सेय या जुन्या पद्धतीच्या डेकमध्ये याच जागी नुसती तलवारींची नक्षी असते, तिथे बाई शोधायला जाऊ नकोस. आता तुझ्या कार्डातली बाई बघ. डोळ्यांवर पट्टी आहे, हात आणि अंग पट्ट्यांनी गुंडाळलेलं आहे. पण पाय? ते बांधलेले नाहीत. तलवारी तिच्या मागे आणि बाजूला रोवलेल्या आहेत, समोरची वाट उघडी आहे. पायाखाली ओली जमीन आणि साचलेलं पाणी, वर दूर कड्यावर किल्ला. तिला कोणी पहारा देत नाहीये. ज्यांचं नाव या डेकला आहे त्या ए. ई. वेट यांनी आपल्या पुस्तकात याच्या अर्थांत वाईट बातमी, निंदा, आजारपण असं बरंच काळं लिहिलंय, पण ही अडकणूक तात्पुरती आहे, कायमची कैद नव्हे, हेही तिथेच सांगितलंय. तू फक्त पहिला भाग वाचलास, असं तुझ्या पत्रावरून वाटलं.

आणि आता मला मनापासून सांगायचं आहे ते हे: परत परत येणाऱ्या कार्डाचा अर्थ त्या कार्डात कमी आणि त्याच्याभोवती बदललेल्या गोष्टींत जास्त असतो. कार्ड चारही वेळा तेच होतं. प्रश्न तोच होता का? जागा तीच होती का? शेजारी कोण होतं? तुझ्या पहिल्या केल्टिक क्रॉसमध्ये ते दुसऱ्या जागी, आडवं आलं होतं. ती अडथळ्याची जागा. नोकरी सोडायची की नाही या प्रश्नावर तिथे ते ‘मला काही करताच येणार नाही’ हा अडथळा दाखवतं. दुसऱ्या वेळी ते नवव्या जागी होतं. ती आशा आणि भीतीची जागा. तिथे आलेली बांधलेली बाई ही तुझी भीती आहे, घडलेली गोष्ट नव्हे. या दोन वाचनांच्या मधल्या दिवसांत तू राजीनाम्याचा मसुदा लिहिलास, हे तूच कळवलंस. म्हणजे बंधन बाहेरच्या वाटेवरून सरकून मनात गेलं. कार्डाचा अर्थ एकच धरला असता, तर हा बदल तुझ्या नजरेतून सुटला असता. आठव्या जागी, म्हणजे भोवतालच्या माणसांच्या जागी आलं असतं, तर मी घरच्यांबद्दल विचारलं असतं. रोजच्या कार्डात आलेल्या दोन वेळांना जागाच नसते, त्यांना वजन कमी दे.

त्यासाठी वही लागते. एका ओळीत तारीख, जसाच्या तसा प्रश्न, स्प्रेडमधली जागा, सुलट की उलट, शेजारची दोन कार्डं आणि त्या दिवशी खरोखर काय घडलं, एवढं लिही. अर्थ त्याच दिवशी लिहू नकोस, आठवड्याने लिही. आधी लिहिलास तर पुढचा प्रत्येक दिवस त्या अर्थाला साक्षीदार गोळा करण्यात जातो.

चौथी नोंद झाली की एकदाच एक गोष्ट कर. कार्ड स्वतः शोधून काढ, मधोमध सुलट ठेव आणि उरलेल्या 77 मधून तीन काढ. डावीकडे ‘मी काय बघत नाहीये’, उजवीकडे ‘मी काय करतेय म्हणून हे टिकून आहे’, खाली ‘या आठवड्यात काय करू’. खालच्या कार्डातून एखादी करता येण्याजोगी कृती निघालीच पाहिजे: एक फोन, एक अर्ज, एक नकार. ती झाल्याशिवाय त्याच प्रश्नाला डेक हातात घेऊ नकोस. कार्डं सारखी येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण मी हेच मानते, की आपण काहीही न बदलता तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो.

आकडे आणि सूटही परत परत येतात, पण तिथे सावध राहा. 78 पैकी 22 मेजर असतात, म्हणजे डेथ, टॉवर अशी सूट नसलेली मोठी कार्डं, त्यामुळे दहा कार्डांत तीन मेजर येणं अगदी सर्वसाधारण आहे. चार दिसले की ‘नियतीचा हात’ म्हणू नकोस.

पुढे तू क्लायंट घेशील तेव्हाचं आताच सांगून ठेवते. वेगवेगळ्या माणसांना तुझ्या हातून तेच कार्ड येऊ लागलं, तर आधी डेक बदलून बघ. नव्या डेकमध्ये ते थांबलं, तर दोष जुन्या कार्डांत होता. एखाद्याच्या स्प्रेडमध्ये डेथ किंवा टॉवर तिसऱ्यांदा आलं आणि त्याचा चेहरा उतरला, तर मृत्यूचं भाकीत तोंडातून निघता कामा नये. कुठलं कार्ड किती वेळा आलं ते वहीतून दाखव, दरवेळी ते कुठल्या जागी होतं ते दाखव आणि काय संपत आलंय असं त्यालाच विचार. तब्येतीचा प्रश्न असेल तर डॉक्टरकडे पाठव, कोर्टाचा असेल तर वकिलाकडे.

आता डेक दाबून ठेव, आणि तोवर त्या चार नोंदी मला लिहून पाठव. आठवत नसेल तिथे जागा रिकामी सोड, अंदाजाने भरू नकोस. दुसऱ्या केल्टिक क्रॉसमध्ये नवव्या जागेच्या खाली, आठव्या जागी कोणतं कार्ड होतं, ते तू लिहिलंच नाहीस. तेवढं आठवून बघ.

तुझी,
मावशी